मुलं स्क्रॅचवर दुसऱ्यांचे प्रोजेक्ट उचलतात. हे शिकणं म्हणायचं की नुसती नक्कल?

एका मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तासगाव तालुक्यातली शाळा, सहावी-सातवीची 28 मुलं, चालू कॉम्प्युटर 8, आठवड्याला 40 मिनिटांचे दोन तास. मुलं स्क्रॅचच्या (रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायची मुलांची भाषा) वेबसाइटवर कुणाचा तरी गेम उघडतात, 'रीमिक्स' दाबून त्याची आपली प्रत करतात, मांजराचा रंग बदलतात आणि 'मी केला' म्हणून दाखवतात. हे बंद करावं का? आणि मुलांचं काम ऑनलाइन शेअर करू द्यावं का?

मॅडम, रीमिक्स बंद करू नका. शेअरही करू द्या, पण पाच-सहा आठवड्यांनी. तोवर वर्गातल्या वर्गात देवाणघेवाण चालू द्या.

आता कारण सांगतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचा 1961 सालचा बोबो बाहुलीचा प्रयोग डी.एड., बी.एड.ला सगळ्यांनी वाचलेला असतो. मोठ्या माणसाने बाहुलीला बडवलं, मुलांनी पाहिलं, मुलांनीही बडवलं. परीक्षेला तेवढंच लिहिलं जातं, म्हणून 'मुलं पाहून शिकतात' एवढंच डोक्यात राहतं. बंडुरांनी पुढे जो सिद्धांत मांडला त्यात पाहण्यापासून शिकण्यापर्यंत चार टप्पे आहेत: लक्ष देणं, लक्षात ठेवणं, स्वतः करून पाहणं आणि करावंसं वाटणं. हे चार टप्पे रीमिक्सच्या बटणाशेजारी ठेवून पाहा. मुलाचं लक्ष गेम खेळण्यावर असतं, ब्लॉकवर नसतं. लक्षात ठेवायची गरजच नाही, कारण कॉम्प्युटर सगळं जसंच्या तसं उतरवून देतो. करून पाहणंही कॉम्प्युटरनेच उरकलेलं असतं. उरतं फक्त करावंसं वाटणं, आणि ते मात्र भरपूर असतं. म्हणजे मुलाचा उत्साह खरा आहे, पण ज्यातून शिकणं घडतं ते मधले दोन टप्पे बटणाने गिळलेले आहेत. ते परत आणायचे, एवढंच आपलं काम.

ते कसे आणायचे ते एका उदाहरणावरच सांगतो, नाहीतर हे सगळं भाषण होईल.

सांगली जिल्ह्यातल्या मुलांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, हे पावसाळ्यात घराघरात बोललं जातं. 2019 चा पूर घरातल्या मोठ्यांना चांगलाच आठवतो. त्यावर एक छोटी फाइल तुम्ही स्वतः बनवा. एक होडी, मागे पुलाचं साधं चित्र, आणि 'पाणी' नावाचा एक व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा साठवायची जागा. हिरवा झेंडा (सुरू करायचं बटण) दाबल्यावर 'सेट'ने पाणी 25 करायचं. मग 'फॉरेव्हर'च्या (सतत फिरणाऱ्या चक्राच्या) आत तीन ब्लॉक: 'चेंज'ने पाण्यात 'पिक रँडम'ने आलेला -1 ते 2 मधला कुठलाही आकडा मिळवायचा, होडीचा वाय (उभी जागा) 'पाणी गुणिले 4 वजा 240' असा ठेवायचा, आणि 1 सेकंद थांबायचं. स्क्रॅचचा पडदा उभा -180 पासून 180 पर्यंत असतो. या गणिताने 25 फुटांना होडी -140 वर, 40 ला -80 वर आणि 45 ला -60 वर येते, म्हणजे चढताना नीट दिसते. सरासरीने पाणी सेकंदाला अर्धा फूट चढतं, त्यामुळे धोक्याच्या पातळीपर्यंत जायला साधारण 40 सेकंद लागतात. एका तासात पाच-सहा वेळा चालवून बघता येतं. ही फाइल आठही कॉम्प्युटरवर आधीच टाकून ठेवा.

पहिल्या तासाला सुरुवातीला झेंडा दाबायला बंदी. गटाने ब्लॉक वाचायचे आणि काय होईल ते वहीत लिहायचं. एक प्रश्न मुद्दाम विचारा: 'दुसऱ्यांदा झेंडा दाबला तर पाणी कितीपासून सुरू होईल?' बरीच मुलं 'जिथे थांबलं होतं तिथून' असं लिहितात. मग चालवून बघायचं. 25 पासून का सुरू झालं ते शोधायचं, 'सेट'चा ब्लॉक बाजूला काढून पुन्हा चालवायचं. आता खरंच जिथे थांबलं होतं तिथून सुरू होतं, कारण व्हेरिएबल आपली जुनी किंमत धरून ठेवतो. 'सेट' आणि 'चेंज' यांतला फरक फळ्यावर सांगून जितका कळतो त्याच्या कितीतरी पट या पाच मिनिटांत कळतो. अंदाज करा, चालवा, शोधा, बदला, बनवा या क्रमाला इंग्रजीत आद्याक्षरांवरून 'प्रिम' म्हणतात. संशोधक सू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शाळांसाठी बसवला. मला या क्रमात सगळ्यांत मोलाचा वाटतो तो पहिला शब्द. अंदाज लिहून ठेवला की मूल पडद्याकडे बघतं ते आपला अंदाज खरा ठरतो का हे तपासायला, आणि लक्ष आपोआप ब्लॉकवर येतं.

दुसऱ्या तासाला फाइल बंद. वहीत बघून तीच फाइल कोऱ्या पानावर पुन्हा बांधायची. हीच ती नक्कल, पण या वेळी ती मुलाच्या डोक्यातून आणि हातातून गेलेली असते. वहीत ब्लॉकचं चित्र काढायची गरज नाही, नावं ओळीने लिहिली आणि आतले ब्लॉक थोडे आत सरकवून लिहिले की पुरे.

मग बदल. '40 ला इशारा, 45 ला धोका असं होडीने बोलायला हवं' एवढंच सांगा आणि मागे व्हा. इथे काय काय चुकेल ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही घाई करून सोडवून देणार नाही.

पहिली गोष्ट, स्क्रॅचमध्ये 'पेक्षा मोठं' आहे, 'पेक्षा मोठं किंवा समान' असा ब्लॉकच नाही. मुलं 'पाणी > 40' लावतात. पाणी नेमकं 40 झालं की होडी गप्प. कुणीतरी 39 करून बघतो आणि ते चालतं. मग दुसरा गट 'पिक रँडम'मध्ये 0.5 टाकतो. दोन आकड्यांपैकी एकात जरी दशांश चिन्ह असलं तरी स्क्रॅच पूर्णांक न देता 0.83 सारखे आकडे देतो, आणि होडी 39.2 लाच इशारा द्यायला लागते. पक्कं उत्तर म्हणजे 'पाणी < 40' आणि त्याला बाहेरून 'नॉट', म्हणजे '40 पेक्षा कमी नाही'. सातवीतलं मूल तिथपर्यंत पोचतं, फक्त वेळ द्या.

दुसरी चूक क्रमाची. 'इफ-एल्स'मध्ये (अट खरी तर हे, नाहीतर ते) आधी 40 तपासलं आणि 'एल्स'च्या आत 45 तपासलं, तर धोका कधीच दिसत नाही. 46 फुटांनाही पहिलीच अट खरी ठरते, त्यामुळे 'एल्स'कडे जायची वेळच येत नाही. मोठी अट वर घ्यावी लागते. आणि तिसरी चूक अगदी साधी: इशाऱ्याचा 'इफ' फॉरेव्हरच्या बाहेर राहतो. फॉरेव्हरच्या खाली ब्लॉक लागत नाही हे मुलांना दिसतं, म्हणून ती तो वर लावतात, आणि मग अट एकदाच तपासली जाते, तीही पाणी 25 असताना.

आता 28 मुलं आणि 8 कॉम्प्युटर. ही अडचणच इथे उपयोगी पडते. चार गट चौघांचे, चार गट तिघांचे. एकाच्या हातात माउस, एकाच्या हातात वही, तिसरा ब्लॉक मोठ्याने वाचणारा. चौथा 'पाहुणा'. त्याने शेजारच्या गटाकडे तीन मिनिटं उभं राहायचं, हात न लावता बघायचं आणि परत येऊन सांगायचं. तिघांच्या गटात वाचणारा आणि पाहुणा एकच. बसणं, कॉम्प्युटर सुरू होणं यात 8 मिनिटं जातात असं धरलं तर 32 उरतात. दर 8 मिनिटांनी सगळ्यांनी एक जागा सरकायचं. घड्याळ लावून सरकवा, नाहीतर माउस ज्याच्या हातात पहिल्यांदा गेला त्याच्याच हातात राहतो, आणि बहुतेक वेळा ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे असा तोच मुलगा असतो.

हा पाहुणा महत्त्वाचा का? संशोधक डेल शंक आणि त्यांच्या सहकारी हॅन्सन यांनी 1985 मध्ये वजाबाकी अवघड जाणाऱ्या मुलांवर एक अभ्यास केला. काहींनी आपल्याच वयाचं मूल गणित शिकताना पाहिलं, काहींनी शिक्षकांना सोडवताना पाहिलं, काहींनी कुणालाच नाही. आपल्या वयाचं मूल पाहिलेल्यांचा 'मलाही जमेल' हा विश्वास सगळ्यांत जास्त वाढला आणि वजाबाकीही त्यांचीच जास्त सुधारली. तालमीत नव्या पोराला वस्ताद ढाक दाखवतात, पण त्याचा धीर वाढतो तो वर्षभर आधी आलेल्या पोराने तो डाव चुकत-माकत लावलेला पाहून. म्हणून वर्गात करून दाखवायला पहिल्या नंबरचा मुलगा नेहमी उभा करू नका. ज्या गटाचा 'धोका' दिसत नव्हता आणि आत्ताच दिसायला लागला, तो गट उभा करा. आधी काय लावलं होतं, कुठे अडलं आणि काय बदललं हे त्यांनी सांगायचं. शाबासकीही त्या सांगण्याला द्या. एकाला कशाबद्दल शाबासकी मिळाली हे बाकीचे सत्तावीस जण बघत असतात आणि पुढच्या तासाला तेच करतात. झगमगीत चित्राचं कौतुक झालं तर सगळे चित्रं रंगवत बसतील.

जी मुलं मागे राहतात त्यांना वेगळं सोपं काम देऊ नका. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी 1991 मध्ये लायबेरियातल्या शिंप्यांकडे शिकणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं आहे. ती मुलं आधी बटणं लावतात, काठ शिवतात, इस्त्री करतात, आणि कापड बेतायला फार नंतर शिकतात. पण बटण लावतात ते खऱ्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या कपड्याला. आपल्याकडच्या शिंप्याच्या दुकानातही नवा पोरगा काज-बटणापासूनच सुरू करतो. तसं इथे नव्या मुलाला चालू प्रोजेक्टमध्ये होडीचं बोलणं बदलायला द्या, पावसाचा आवाज घालायला द्या, 45 च्या जागी स्वतः ठरवलेला आकडा टाकायला द्या. काम छोटं, पण खऱ्या फाइलमध्ये.

आता 'मी केला' या दाव्याचं. स्क्रॅचवर रीमिक्स केलं की मूळ करणाऱ्याचं नाव आपोआप लागतं. 2011 मध्ये आंद्रेस मोनरॉय-हर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. त्यांना आढळलं की कॉम्प्युटरने आपोआप लावलेल्या नावाचं मुलांना फारसं काही वाटत नाही. रीमिक्स करणाऱ्याने स्वतः लिहून आभार मानले तर मात्र ते मोलाचं वाटतं. म्हणून नियम असा करा की प्रोजेक्टच्या पानावर 'नोट्स अँड क्रेडिट्स' नावाची चौकट असते, ती भरल्याशिवाय काम पूर्ण धरायचं नाही. तीन ओळी पुरतात: कुणाकडून घेतलं, त्यातलं नेमकं काय घेतलं, मी काय बदललं. 'इशाऱ्याची अट गट 3 कडून घेतली, 39 च्या युक्तीऐवजी नॉट वापरला' अशी ओळ लिहायची तर ब्लॉक वाचावेच लागतात. रंग बदलणाऱ्याला तिसऱ्या ओळीत 'रंग बदलला' असंच लिहावं लागतं. लिहू द्या, ते खरंच आहे. ओरडू नका. पुढच्या वेळी तो स्वतःहून आणखी काहीतरी बदलतो, कारण ती ओळ सगळे वाचणार असतात.

वर्गाच्या भिंतीवर याचीच एक वेल करा. प्रत्येक प्रोजेक्टची एक पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, त्यावर गटाचा नंबर आणि बदल. ज्याच्यापासून घेतलं त्या चिठ्ठीपासून नव्या चिठ्ठीपर्यंत दोरा. महिनाभरात कुणाच्या चिठ्ठीतून पाच दोरे निघालेत ते आपोआप दिसतं, आणि आपल्याकडून कुणीतरी घेतलं याचा मुलांना अभिमान वाटायला लागतो. 'सर, त्याने माझं चोरलं' ही तक्रार बऱ्यापैकी कमी होते.

मशीनच्या दोन-तीन अडचणी पटकन सांगतो. शाळेत विंडोज 7 असेल तर स्क्रॅच 3 चं ऑफलाइन ॲप चालणार नाही, त्याला विंडोज 10 लागतं. काही मशीनवर जुनं 1.4 किंवा 2 असेल तर नव्या आवृत्तीत केलेली फाइल तिथे उघडत नाही, उलट जुनी फाइल नव्यात उघडते. त्यामुळे आठही मशीनवर एकच आवृत्ती ठेवा. बॅकपॅकची (एका प्रोजेक्टमधले ब्लॉक दुसऱ्यात न्यायची) सोय फक्त ऑनलाइन लॉग-इन केल्यावर मिळते. ऑफलाइनला एका मशीनवर सामायिक फोल्डर ठेवा किंवा एक पेन ड्राइव्ह फिरवा. फाइलच्या नावात गट आणि आवृत्ती घाला, 'गट3-पाणी-2' असं. नाहीतर आठ फाइलींचं नाव 'स्क्रॅच प्रोजेक्ट'च राहतं आणि एकीवर दुसरी सेव्ह होते. मोबाइलवर प्रोजेक्ट बघता येतात, पण बनवायला त्याचा उपयोग नाही हे पालकांना आधीच सांगा.

ऑनलाइन जाताना मुलांना घरच्या ईमेलवरून वेगवेगळी खाती काढायला लावू नका. स्क्रॅचवर शिक्षकांचं खातं मिळतं. त्यातून वर्ग तयार करता येतो, मुलांची खाती ईमेलशिवाय काढता येतात आणि पासवर्ड विसरला तर तुम्हीच बदलून देऊ शकता. (विसरतातच. तुमच्याकडे एक वही ठेवा.) खातं मागितलं की लगेच हातात पडेल असं धरू नका, सत्र सुरू व्हायच्या आधीच अर्ज करा. युजरनेममध्ये मुलाचं नाव, आडनाव, गाव किंवा शाळा काहीही नको. 'गट3-होडी' सारखं असू दे, फक्त रोमन अक्षरांत. मुलाच्या फोटोचा कॉश्च्यूम (पात्राचं चित्र) नको, आणि रेकॉर्ड केलेला आवाज शेअर करण्यापूर्वी तुम्ही स्वतः ऐका. मुलं मागून एकमेकांना नावाने हाका मारत असतात आणि ते त्यात येतं. पालकांची लेखी संमती घ्या.

शेअर केलेलं सगळं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातं, म्हणजे जगात कुणीही ते नाव देऊन बदलून वापरू शकतं. हे मुलांना शेअर दाबण्याआधी सांगा, नंतर नाही. काहीच न बदलता रीमिक्स शेअर करणं तिथल्या नियमांत बसत नाही, हेही सांगा. कॉमेंट प्रोजेक्टपुरत्या बंद ठेवता येतात, पहिला महिना बंदच ठेवा. आणि किती हार्ट मिळाले हे वर्गात मोजू नका. बहुतेक प्रोजेक्टना अनोळखी लोकांकडून फारशी दाद मिळत नाही, आणि पहिल्याच प्रोजेक्टला शून्य दिसलं की शांत स्वभावाची मुलं तिथेच थांबतात. त्यापेक्षा वर्गाचा एक स्टुडिओ (प्रोजेक्ट एकत्र ठेवायचं पान) काढा आणि प्रत्येक गटाने आठवड्याला दुसऱ्या एका गटाच्या प्रोजेक्टवर वहीत एक प्रश्न लिहून द्यायचा. कौतुक नको, प्रश्नच हवा: 'पाणी 25 च्या खाली गेलं तर काय होतं?' असा.

एका गोष्टीकडे माझं फार लक्ष असतं. ऑनलाइन समुदायातून मुलं भराभर शिकतात हे खरं आहे. जास्त रीमिक्स करणारी मुलं ब्लॉकचे जास्त प्रकार वापरतात हे 2016 मध्ये सायमिंदू दासगुप्ता आणि सहकाऱ्यांनी स्क्रॅचच्या नोंदींवरून दाखवलं. पण समुदायात जे लोकप्रिय तेच फिरत राहतं. स्क्रॅचवरच्याच 2022 च्या एका अभ्यासात दिसलं की व्हेरिएबल म्हणजे गेमचा स्कोअर, अशी उदाहरणं पुन्हा पुन्हा पुढे येतात आणि नवी मुलं व्हेरिएबल तेवढ्याचसाठी वापरायला लागतात. वरचं उदाहरण मी पाण्याचं घेतलं ते म्हणूनच. पाणी चढतं, उतरतं, त्याला पातळ्या असतात, आणि ते कुणी जिंकत नाही.

तीच फाइल पुढे अशी वाढवता येते. साताऱ्याकडच्या एखाद्या शाळेशी तुमची ओळख असेल तर त्यांना कोयना धरण करायला सांगा. साठा (क्षमता 105.25 टीएमसी), येणारं पाणी आणि सोडलेला विसर्ग असे तीन व्हेरिएबल. विसर्ग क्युसेकमध्ये असतो आणि साठा टीएमसीत, म्हणून मुलांना आधी हिशेब करावा लागतो: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसाचे सेकंद 86,400, एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. भागाकार केला की साधारण 11,574 क्युसेक दिवसभर चालू राहिले तर एक टीएमसी पाणी जातं. कोयना कराडला कृष्णेत मिळते आणि ते पाणी पुढे आयर्विनखालून जातं, त्यामुळे त्यांच्या विसर्गावरून तुमच्या मुलांच्या 'पाणी'त मिळवायचा आकडा ठरवता येतो. दोन्ही शाळांनी एकमेकांचं रीमिक्स करायचं. व्हेरिएबलची नावं मात्र दोघांनी आधी एका कागदावर ठरवून घ्या. एका बाजूला 'विसर्ग' आणि दुसऱ्या बाजूला 'सोडलेलं पाणी' असं झालं तर ब्लॉक जोडताना दोन वेगळे व्हेरिएबल तयार होतात, होडी जागची हलत नाही, आणि पूर्ण तास ते शोधण्यात जातो.

हे जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. त्या दिवसांत पुलाची पातळी आणि धरणाचा विसर्ग हे दोन्ही आकडे रोजच्या पेपरात येतात, आणि मुलं ते घरून पाठ करून येतात.